जानापावचे कुंड आणि उन्हाळ्याचा हिशेब

जानापाव हा माळव्याच्या दक्षिण कडेला, विंध्याच्या रांगेत उभा असलेला डोंगर. उज्जैनहून इंदूर 55 किलोमीटर. तिथून महूमार्गे आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूरच्या बाजूला आणखी 45 किलोमीटरच्या आसपास गेले की त्याचा पायथा लागतो. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 850 मीटर. माथ्यावर एक कुंड आहे, कुंडाजवळ जमदग्नींचा आश्रम आणि मंदिर आहे, उतारांवर जंगल आहे. श्रद्धाळू याला परशुरामांचे जन्मस्थान मानतात. कार्तिक पौर्णिमेला इथे यात्रा भरते. चंबळ इथे उगम पावते. गंभीर आणि करमही इथल्याच. परिसरातले लोक साडेसात नद्यांचा डोंगर म्हणून त्याचे नाव घेतात. डोंगराचा माथा हा पाणलोटाचा दुभाजक आहे: एका उताराचे पाणी चंबळमार्गे यमुनेकडे जाते, दुसऱ्याचे करमबरोबर नर्मदेला मिळते.

डोंगर, जंगल आणि तळे हे तिन्ही एका ठिकाणी आणि तेही दोन-अडीच तासांच्या अंतरावर असल्यामुळे उज्जैनमधल्या घरांत मे महिन्याच्या सुट्टीत जानापावचा बेत निघणे स्वाभाविक आहे. या बेतामागचा युक्तिवाद बहुतेक वेळा एकच असतो. डोंगर आहे म्हणजे हवा गार असणार, जंगल आहे म्हणजे सावली असणार, तळे आहे म्हणजे पाणी मिळणार. तेव्हा सकाळचा चहा-नाश्ता आटोपून निघावे, दुपारी वर डबा खावा, संध्याकाळी उतरावे. हा युक्तिवाद इतका सोपा वाटतो की तो कुणी तपासत नाही. त्यातली तिन्ही गृहीतके उन्हाळ्यात चुकीची आहेत, आणि त्यांच्यावर आखलेला बेत लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या जिवावर बेतू शकतो.

आधी गारव्याचे पाहू. उज्जैन शहर समुद्रसपाटीपासून 490 मीटरच्या आसपास वसले आहे. जानापावचा माथा त्याहून साडेतीनशे-पावणेचारशे मीटर उंच. हवेत वर जाताना तापमान दर हजार मीटरला साधारण 6.5 अंशांनी उतरते. या हिशेबाने माथ्यावर मिळणारा फरक सव्वादोन ते अडीच अंशांचा आहे. शहरात पारा 42 वर असेल तेव्हा कुंडाच्या काठी तो चाळिशीच्या जवळ असतो. शरीराचे स्वतःचे तापमान 37 अंश. भोवतालची हवा त्याहून तापलेली असली की ती शरीराला थंड करत नाही, उलट तापवते. मग अंग निववायला घाम हा एकच मार्ग उरतो. माथ्यावर वारा असतो हे खरे. तोच वारा फसवतो. कोरड्या लूमध्ये घाम अंगावर ओघळायच्या आतच उडून जातो, सदरा कोरडा राहतो, माणसाला बरे वाटते आणि तहान उशिरा लागते. पाणी मात्र अंगातून सतत जात असते. दमट कोकणात घामाघूम झालेला माणूस आपण होऊन थांबतो. माळव्याच्या कोरड्या डोंगरावरचा माणूस गळून पडेपर्यंत चालत राहतो.

आता सावलीचे. हिमालयातल्या सरोवराची चित्रे पाहून डोळ्यांपुढे जे उभे राहते, त्याचा माळव्याच्या डोंगराशी संबंध नाही. तिथली सरोवरे अडीच-तीन हजार मीटरवर देवदार-बांजच्या सदाहरित रानात आहेत. इथले रान पानगळीचे आहे: साग, पळस, धावडा, सालई, तेंदू, मोह. ही झाडे कोरड्या ऋतूत पाने टाकतात, कारण पाने ठेवणे त्यांना परवडत नाही. पानांतून उडणारे पाणी मुळांना पुरवता येत नाही. मे महिन्यात सागाच्या रानात उभे राहिले तर डोक्यावर काटक्यांची जाळी असते आणि पायाखाली तळहातापेक्षा कितीतरी मोठ्या वाळक्या पानांचा थर. चालताना ती पाने पापडासारखी मोडतात, आणि खाली दगड आहे की खळगा ते दिसत नाही. घोटा मुरगळतो तो अशाच ठिकाणी. सावली म्हणून जी असते ती एखाद्या आंब्याची, वडाची, करंजाची, आणि ती झाडे वाटेवर कुठे आहेत हे आधी माहीत असावे लागते.

सूर्याचेही उज्जैनशी खास नाते आहे. शहर 23 अंशांच्या किंचित वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या अगदी लगत आहे. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेल्या इथल्या वेधशाळेत शंकुयंत्र आहे: एका गोल ओट्याच्या मधोमध उभी काठी. मे महिन्याच्या मध्याला मध्यान्हीच्या वेळी त्या काठीची सावली आक्रसून बुंध्याशी येते. माणसाचेही तसेच होते. साडेपाच फूट उंचीच्या माणसाची त्या वेळची सावली जेमतेम 12 सेंटीमीटर, अर्ध्या वितीच्या आसपास भरते. ही मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, उज्जैन पावणेशहात्तरच्या जवळ. त्यामुळे मेच्या मध्यात सूर्य इथे 12 वाजून 23 मिनिटांच्या सुमारास माथ्यावर येतो. पण दगड आणि जमीन त्यानंतरही तापत राहतात, आणि हवेचा पारा दुपारी तीन-चारपर्यंत चढा असतो. जानापावचा खडक माळव्यातला नेहमीचा काळा बसाल्ट आहे. तो उन्हात लवकर तापतो आणि ऊन कलल्यावरही उष्णता सोडत राहतो. नऊला निघून साडेअकराला पायथ्याशी पोचणारा आणि बाराला चढायला लागणारा माणूस दिवसातले सर्वांत वाईट चार तास निवडून डोंगरावर जातो.

राहिले पाणी. तळे आहे म्हणजे पाणी आहे हे वाक्य ऑक्टोबरात खरे असते. माळव्यात पाऊस जून ते सप्टेंबर पडतो. नंतरचे आठ महिने तळे फक्त रिकामे होत जाते. मे महिन्यात उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून दिवसाला सेंटीमीटरभर पाणी नुसते वाफ होऊन जाते. म्हणजे महिन्यात फूटभर. माथ्यावरच्या कुंडाला वरून येऊन मिळणारा ओढा नसतो, कारण त्याच्या वर डोंगरच नसतो. बसाल्टच्या भेगांत मुरलेले पावसाचे पाणी झिरपत असते, तेवढाच त्याचा आधार, आणि तो झिरपाही वैशाखात मंदावतो. उरलेल्या पाण्यात वर्षभराची निर्माल्ये, शेवाळ, जनावरांचे पाणी पिणे आणि भाविकांचे स्नान सगळे साठून दाट झालेले असते. ते तीर्थ म्हणून डोळ्यांना लावावे. पिण्यासाठी ते नाही. काठाचा चिखलही धोक्याचा. वरून वाळून भेगाळलेला आणि खाली ओला असा गाळ मुलांना खेळायला बोलावतो आणि गुडघ्यापर्यंत धरून ठेवतो. पाणी आटलेल्या प्रत्येक तळ्याला हे लागू आहे, मग ते डोंगरावरचे असो की गावाशेजारचे.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. गडावर जाणाऱ्या मराठी माणसाचा उन्हाळ्यातला पहिला प्रश्न टाक्यांबद्दल असतो: कोणत्या टाक्यात मेमध्ये पाणी राहते, ते पिण्याचे आहे का, तिथपर्यंत पोचायला किती वेळ लागतो. गड बांधणाऱ्यांनी कातळात खोदलेली खोल, तोंडाशी अरुंद, काही ठिकाणी खांबांवर छत राखलेली टाकी आणि उघडी तळी यांतला फरक हाच आहे: टाक्यावर ऊन पडत नाही. तरीही जाणते लोक पाणी पाठीवर घेऊन जातात आणि टाके सापडले तर ते वरकड धरतात. जानापावच्या बेतात हा प्रश्न विचारलाच जात नाही, कारण तिथे तळे आहे हे आधीच ठरलेले असते.

या मुद्द्यांवर पहिला आक्षेप उज्जैनमध्येच तयार असतो. उन्हाळ्यात चालणे इतके घातक असेल तर पंचक्रोशी यात्रेचे काय? लाखांच्या घरात माणसे भर वैशाखात 118 किलोमीटर चालतात, त्यांत म्हाताऱ्या बायका असतात, पायात चप्पल नसलेले असतात. मग एका टेकडीचा एवढा बाऊ कशाला? आक्षेप मोलाचा आहे. पण पंचक्रोशी नीट पाहिली तर ती या सोप्या बेताच्या बाजूने साक्ष देत नाही. ती त्याच्या विरुद्धची सर्वांत भक्कम साक्ष आहे.

पंचक्रोशी वैशाख कृष्ण दशमीला सुरू होते आणि अमावास्येला संपते. उत्तरेकडचा हा महिना पौर्णिमान्त आहे. दाते किंवा कालनिर्णयच्या पानावर तो पंधरवडा चैत्र वद्य म्हणून सापडतो, आणि उज्जैनच्या मराठी घरांत दरवर्षी या एका गोष्टीवरून एखादा पाहुणा चुकतोच. यात्रेकरू पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराला नारळ वाहून बळ मागून घेतात आणि परतल्यावर मातीचे घोडे वाहून ते बळ परत करतात. मधली वाट शहराच्या चार द्वारपाल देवळांची: पूर्वेला पिंगलेश्वर, दक्षिणेला कायावरोहणेश्वर, पश्चिमेला बिल्वकेश्वर, उत्तरेला दर्दुरेश्वर.

आता अंतरे पाहा. उज्जैन ते पिंगलेश्वर 12 किलोमीटर. तिथून करोहन 23. करोहन ते नलवा 21, नलवा ते अंबोदिया 6. अंबोदिया ते कालियादेह 21, तिथून जैथल 7. जैथल ते उंडासा 16 आणि उंडासा ते उज्जैनमधला क्षिप्रा नदीचा घाट 12. या आकड्यांमागे विचार आहे. पहिला टप्पा लहान ठेवला आहे, पायांना सवय व्हावी म्हणून. 21-21 किलोमीटरच्या लांब चालीनंतर 6 आणि 7 किलोमीटरच्या लहान चाली येतात. शेवटचा टप्पा पुन्हा 12. मुक्कामांची जागाही पाण्याच्या धोरणाने पडली आहे. कालियादेह क्षिप्रेच्या पात्रात आहे. अंबोदियाला आज गंभीरचे धरण आहे. उंडासाला तलाव आहे, आणि उज्जैनच्या सप्तसागरांतला रत्नाकर सागर म्हणून त्याची पूजा होते. म्हणजे पाच दिवसांच्या उन्हाळी चालीचा शेवटचा मुक्काम एका तळ्याच्या काठी आहे. फक्त तिथे पोचेपर्यंत वाट तळ्याच्या भरवशावर सोडलेली नाही. विहिरी, नद्या, गावे आणि गावोगावचे पाणी पाजणारे लोक यांच्या साखळीवर ती उभी आहे.

चालण्याची वेळ तर आणखी बोलकी आहे. यात्रेकरू पहाटे अंधारात निघतात, ऊन चढायच्या आत जमेल तेवढे अंतर कापतात, दुपार झाडाखाली किंवा मंडपात काढतात, आणि ऊन उतरल्यावर पुन्हा निघून रात्रीही चालतात. माळव्याच्या उन्हाळी रात्रीची कीर्ती जुनी आहे. पठाराची काळी जमीन सूर्यास्तानंतर भराभर निवते आणि शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, हा शब्द त्यातूनच आला. पंचक्रोशीने ती रात्र वापरली. डोक्यावरचे गाठोडेही पाहण्यासारखे असते. त्यात पीठ-मीठ, पांघरूण असते, आणि चालताना तेच छत्रीचे काम करते. स्वयंपाक मुक्कामाच्या मोकळ्या रानात संध्याकाळी होतो. कित्येक जण तर तिथीच्या आदल्या दिवशीच पाय काढतात, गर्दी आणि ऊन दोन्ही चुकवायला. शास्त्र सांगणाऱ्यांना ते आवडत नाही, पण चालणाऱ्याच्या दृष्टीने त्यात शहाणपण आहे.

आणि चालणारी माणसे कोण? बहुसंख्य शेतकरी. गव्हाची कापणी-मळणी नुकतीच उन्हात उरकून ती आलेली असतात. सोयाबीनची पेरणी अजून दूर असते. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाते, हृदयावरचा ताण उतरतो. ही सवय शेतकऱ्याने कामात कमावलेली असते. वर्षभर पंख्याखाली, कुलरसमोर किंवा वातानुकूलित खोलीत बसणाऱ्याला ती नसते, आणि एका रविवारी पहाटे उठून ती येत नाही. पंचक्रोशीचे उदाहरण देणाऱ्याने आधी दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ कोठी रोडला किंवा उंडासाच्या काठाने तासभर चालून दाखवावे. मग ते उदाहरण त्याला शोभेल.

या मुद्द्यावर विदर्भाचीही साक्ष काढता येते. पचमढीजवळची नागद्वारी ही सातपुड्याच्या खोल रानातली डोंगरवाट, आणि तिथे जाणाऱ्यांत विदर्भातले मराठी भाविक मोठ्या संख्येने असतात. ती यात्रा उन्हाळ्यात नसते. ती नागपंचमीच्या सुमारास, श्रावणात असते, ओढे वाहते असताना. सपाटीची, गावागावांतून जाणारी, विहिरींची वाट उन्हाळ्यात. डोंगरातली, वस्ती नसलेली, झऱ्यांची वाट पावसाळ्यात. लोकपरंपरेने ऋतू आणि वाट यांची जोडी अशी बसवली. ती परंपरा भाबडी म्हणून बाजूला सारायची आणि तिच्याच पुण्याईवर भर दुपारी डोंगर चढायचा, हे दोन्ही एकदम करता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की एवढा त्रास घेण्यापेक्षा सरळ हिमालय गाठावा. उज्जैनहून हरिद्वार-देहरादूनच्या बाजूला जायला उज्जयिनी एक्सप्रेस आहे, सुट्टी आहे, आणि तिकडच्या सरोवरांवर मेमध्ये खरोखरच गारवा असतो. यात तथ्य आहे. देवरियाताल किंवा डोडीतालसारख्या वाटा उन्हाळ्यात सुंदर असतात. पण हा आक्षेप घेणाराही तीच चूक उलट दिशेने करतो: तळे गाठायचे ठरवतो आणि वाटेचा हिशेब सोडून देतो. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस ठेवावा, हा डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला आहे. सुट्टीचे दिवस मोजके, परतीचे आरक्षण पक्के, म्हणून नेमका विश्रांतीचा दिवसच बेतातून कापला जातो. जून 2024 च्या सुरुवातीला उत्तराखंडातल्या सहस्रतालाच्या वाटेवर 22 जणांच्या चमूतले 9 जण दगावले. सरोवर 14,000 फुटांहून उंच, महिना उन्हाळ्याचा, हिमवादळाने त्यांना परतीच्या वाटेवर गाठले. मैदानात त्या आठवड्यात उष्णतेची लाट होती. उन्हाळी बेत म्हणून घरातून निघालेल्या माणसाला थंडीने मृत्यू येऊ शकतो, हे त्या घटनेनंतर तरी सरोवराच्या बेताआधी प्रत्येकाला माहीत असायला हवे.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नाही, सवयीची आहे, आणि तिच्याविरुद्ध बोलणे माळव्यात अप्रिय ठरते: बाफल्यांचा बेत. माळव्यात रानातली सहल म्हणजे डाळ-बाफले-लाडू, हे समीकरण मराठी घरांनीही केव्हाच आपले केले. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे. थंडीत, गावाजवळच्या शेतात यासारखे सुख नाही. पण मे महिन्यातल्या सागाच्या रानात वाळक्या पानांच्या थरावर गोवरीचा विस्तव म्हणजे वणव्याला आमंत्रण. गोवरी वरून राख दिसते आणि आतून तासन्‌तास धुमसते. पाणी ओतले असे वाटूनही ती विझलेली नसते, आणि दुपारच्या वाऱ्याला एक ठिणगी पुरते. मध्य भारतात मोहाची फुले वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची रीत आहे, तेवढ्यानेही रान पेटते. तिथे सहलीच्या चुलींची भर कशाला? राखीव जंगलात परवानगीच्या हंगामाबाहेर विस्तव पेटवणे 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 प्रमाणे गुन्हाही आहे. शिवाय तुपात भिजलेले बाफले आणि लाडू खाऊन भर उन्हात डोंगर उतरणे पोटाला आणि हृदयाला जड जाते. घरून नेलेल्या दशम्या, लसणीची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाणे, काकडी आणि बाटलीतले पन्हे एवढे अन्न उन्हाळी वाटेला पुरेसे आणि योग्य आहे.

एवढे सारे वाचून कुणी म्हणेल की मग उन्हाळ्यात जानापावला जाऊच नये. हाही निष्कर्ष चुकीचा आहे, आणि सोप्या बेताइतकाच आळशी आहे. भरलेले तळे फक्त पृष्ठभाग दाखवते. आटलेले कुंड आपली रचना दाखवते: पाणी कुठून झिरपते, कुठे टिकते, काठाची कोणती बाजू बुजत चालली आहे, वर्षभरात किती कचरा साठला. आणि उज्जैनच्या माणसाला हे पाहायचे खास कारण आहे. जानापावच्या परिसरात उगम पावणारी गंभीरच अंबोदियाच्या धरणात अडवली आहे, आणि त्या धरणाची 225 कोटी घनफुटांची साठवण हा शहराच्या नळांचा मुख्य आधार. ज्या उन्हाळ्यात धरणाची पातळी खाली जाते, त्या उन्हाळ्यात उज्जैनमध्ये पाणी एक दिवसाआड येते. क्षिप्रेत तर पाणी राहावे म्हणून 2014 पासून नर्मदेचे पाणी नळवाटेने विंध्य चढवून आणले जाते. ज्या डोंगरावर नर्मदेचे आणि चंबळेचे खोरे एकमेकांना पाठ लावून उभे आहेत, तो डोंगर सर्वांत कोरड्या महिन्यात पाहणे हे या शहरातल्या मुलांचे खरे भूगोलाचे शिक्षण आहे. म्हणून जावे, आणि म्हणूनच नीट जावे.

नीट जाणे म्हणजे काय, तेही घड्याळ आणि वजन यांच्या भाषेत सांगता येते. मेच्या मध्यात उज्जैनला सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. घरून रात्री अडीचला निघाले तर पाचच्या सुमारास पायथा गाठता येतो आणि पहिल्या उजेडात चढाई सुरू होते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी लवकर जेवून झोपायचे आणि गाडी चालवणाऱ्याने सहा तास झोप घेतलेली असायचीच. रात्रीचा इंदूर रस्ता अर्धझोपेत चालवणे हा डोंगरापेक्षा मोठा धोका आहे. सातच्या आत कुंडाशी पोचून, पाऊण-एक तास काठावर घालवून, आठला उतरायला लागावे. नऊ-साडेनऊला सगळे पायथ्याशी आणि अकराच्या आसपास इंदूरला सावलीत.

चालताना माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागते. वाट आणि थांबणे धरून चार-साडेचार तासांसाठी माणशी चार लिटर. पाच जणांच्या घराला ते 20 लिटर होते, म्हणजे दुकानातून घरी येणारा पाण्याचा एक पूर्ण जार. तो जार डोळ्यांपुढे ठेवून पाच पाठींवर वाटावा. मोठ्यांनी जास्त, मुलांनी कमी. तहान लागायची वाट न पाहता वीस-वीस मिनिटांनी घोट-दोन घोट घ्यावेत. नुसत्या पाण्याने भागत नाही, कारण घामाबरोबर मीठही जाते. म्हणून एक बाटली क्षार-साखरेच्या पाण्याची: लिटरभर पाण्यात सहा लहान चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ. खिशातल्या कांद्याने ऊन लागत नाही हा समज सोडून द्यावा. कांदा खाण्यासाठी चांगला आहे. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्याला आणि मानेला ओले करता येईल असे उपरणे, घोट्याला धरणारे बूट.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांची चौकशी आधी डॉक्टरांकडे करावी. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात आणि उन्हात शरीरातले पाणी लवकर घटवतात. माथ्यापर्यंत आता गाडीचा रस्ता आहे, तेव्हा आजी-आजोबांनी गाडीने वर यावे, त्यात कमीपणा नाही. आणि तीच गाडी वर असणे चालणाऱ्यांसाठीही उपयोगाचे, कुणाचा पाय मुरगळला तर. चालताना कुणी बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तापून त्वचा कोरडी पडली किंवा चिडचिड विचित्र वाटली, तर तो उष्माघात समजावा. सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि 108 ला फोन करावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. यासाठीच पाण्याचा शेवटचा लिटर उतरेपर्यंत कुणी पिऊन टाकायचा नसतो.

आणि परतायची वेळ निघण्याआधी ठरवावी, वाटेत नाही. घरातला एक माणूस घड्याळाचा. साडेसातला कुंड दिसले नाही, तर जिथे असू तिथून मागे वळायचे. मग माथा वळणापलीकडे असो, मुले रडोत, की मंदिराची घंटा ऐकू येत असो.